बलुतं, बोनस आणि ईसॉप

मराठीतला 'भाग' हा शब्द मोठा कष्टाळू आहे. पोथीचा भाग, गणितातला भागाकार, भाऊबंदकीतला भाग, भागीदारीतला भाग आणि दलाल स्ट्रीटवर विकला जाणारा समभाग, एवढी सारी कामे तो विनातक्रार करतो. 'भाग्य' हा त्याचाच सख्खा आप्त. जे वाट्याला आले ते भाग्य, इतका साधा त्याचा मूळचा अर्थ. 'वाटा' आणि 'वाटेकरी' हेही त्याच वस्तीतले रहिवासी. या शब्दांच्या आसपास जुना प्रश्न सतत घुटमळत असतो: अनेकांनी मिळून जे पिकवले, त्याची वाटणी होताना कोणाचा हात आधी पुढे यावा, आणि तो कोणत्या नात्याने?

साहित्याच्या वर्गात हा प्रश्न आम्ही शिकवत आलो तो गावगाडा आणि गिरणी या दोन संदर्भांत. पहिल्यासाठी त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' आणि दया पवारांचे १९७८ मध्ये आलेले 'बलुतं', तर दुसऱ्यासाठी नारायण सुर्व्यांची कविता आणि जयंत पवारांचे 'अधांतर'. तिसरा संदर्भ पुस्तकातून आला नाही. आम्ही दोघे मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतो आणि दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एके काळी माजी विद्यार्थी घरी येत ते एकांकिकेचे बाड घेऊन; अलीकडे काही जण नेमणूकपत्र घेऊन येतात. त्यात पगाराच्या आकड्याखाली आणखी एक ओळ असते: इतके इतके ईसॉप. ईसॉप म्हणजे, ठरावीक मुदत नोकरीत काढल्यावर कंपनीचे ठरावीक समभाग आज ठरलेल्या किमतीला घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क. उद्या समभागाचा भाव चढला तर मधला फरक त्याचा.

ही ओळ समजून घेऊ लागलो, तेव्हा ती आमच्या दोघांच्या घराण्यांत पूर्वी येऊन गेली आहे असे जाणवू लागले.

आमच्यापैकी एकाचे पणजोबा वाई तालुक्यातल्या एका खेड्यात सुतार होते. वर्षभर कुणब्यांचे नांगर, कुळव, मोटेचे सामान नीट ठेवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरल्या पेंढ्या आणायच्या, ही त्यांची मजुरी. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत आणि ओळीनुसार वाटा ठरे. सुताराची ओळ थोरली, म्हणून आमच्या घरात बलुत्याच्या आठवणी काहीशा गोड आहेत. तो गोडवा वर्गात सांगताना जपून सांगावा लागतो. ज्यांचे काम अपवित्र ठरवले गेले, त्यांच्यासाठी बलुते हा हक्काच्या नावाखाली घातलेला वेठीचा फास होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच कारणाने, आणि ते वतन कायद्याने गेले ते १९५८ साली. तरी त्या अन्यायी व्यवस्थेतही एक गोष्ट उघड होती. धान्याची रास सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेली असे. आपल्या वाट्याला काय आले आणि ते कशातून आले, या दोन्ही गोष्टी खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत.

दुसरीचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या बोलण्यात 'बोनस' हा शब्द सणाच्या नावासारखा येई. या शब्दाला मुंबईत शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि युद्धानंतर काही वर्षे कामगारांना बोनस दिला. १९२३ सालचा बोनस देणार नाही असे मालकांनी जाहीर करताच १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. बोनस ही मालकाची खुशी ठरली आणि संप फसला.

ती खुशी हक्कात बदलायला पाव शतक लागले. १९५० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातल्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने वाटणीचे एक सूत्र घालून दिले. एकूण नफ्यातून आधी घसारा आणि कर वजा करायचे. मग यंत्रसामग्रीच्या पुनर्बांधणीची तरतूद. मग भागधारकांच्या भांडवलावर सहा टक्के परतावा. मग खेळत्या भांडवलात गुंतलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा. एवढे सारे होऊन जे शिल्लक उरेल त्यात कामगार, भागधारक आणि खुद्द उद्योग असे तिघे वाटेकरी. पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने हीच रीत देशभरासाठी टक्केवारीत बांधली आणि आता ती २०१९ च्या वेतन संहितेत सामावली आहे.

या सूत्रावर तेव्हाही टीका झाली. कामगाराचा नंबर शेवटी लावला, पुनर्बांधणीच्या नावाखाली मालक नफा लपवू शकतो, हे आक्षेप खोटे नव्हते. आम्हाला त्यात मोलाचे वाटते ते निराळेच. कोणाचा हात कितव्या क्रमांकावर, हे त्यात लिहून ठेवले होते. ताळेबंद समोर मांडून त्यावर न्यायालयात वाद घालता येत होता. आणि कामगाराचा दावा कामगार म्हणूनच होता. त्यासाठी त्याला आधी भागधारक व्हावे लागत नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरणगावातली अनेक कुटुंबे मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीकडे सरकली. आमच्याही घराचे बिऱ्हाड तसेच हलले.

गिरण्यांचा भोंगा अजून वाजत होता तेव्हाच अंधेरी पूर्वेला मरोळजवळ निराळे काहीतरी आकार घेत होते. १९७३ मध्ये तिथे सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठीचे क्षेत्र सुरू झाले. टाटांची टीसीएस तर १९६८ पासूनच मुंबईत होती. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही आणखी एक मुंबईकर कंपनी. तिथली नोकरी सोडून नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये हे तिचे बीजभांडवल. पुढे १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली, १९९३ मध्ये तिचे समभाग ९५ रुपये भावाने विक्रीस निघाले आणि १९९४ मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी समभाग योजना आणली. शिपाई आणि ड्रायव्हर कोट्यधीश झाल्याच्या कथा त्यानंतर मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत लाडवासारख्या वाटल्या जाऊ लागल्या. नोकराला मालकीत वाटा देता येतो, ही कल्पना मराठी माणसाच्या कानांवर खऱ्या अर्थाने पडली ती तेव्हा. इन्फोसिसने २००३ मध्ये नवे ऑप्शन देणे थांबवले आणि २०१५ मध्ये नव्या स्वरूपात योजना पुन्हा सुरू केली.

टीसीएसने दुसरी वाट धरली. २००४ मध्ये ८५० रुपये भावाने तिचे समभाग बाजारात आले. कर्मचाऱ्यांना मात्र तिने पगार दिला, बढत्या दिल्या, स्टॉक ऑप्शन दिले नाहीत. बाजारात दहा वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने २०१५ मध्ये तिने एकदाच २,६२८ कोटी रुपयांचा बोनस वाटला. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार, असा हिशेब होता. भागधारकांच्या बाजूचे आकडे याच्या शेजारी मांडून पाहावेत. २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये प्रत्येकी १६ हजार कोटी, २०२२ मध्ये १८ हजार कोटी आणि २०२३ मध्ये १७ हजार कोटी, अशा पाच वेळा मिळून ८३ हजार कोटी रुपये कंपनीने आपलेच समभाग परत विकत घेण्यासाठी खर्चले. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तिचा नफा ४८ हजार कोटींहून अधिक होता आणि त्यातले सुमारे ४५ हजार कोटी भागधारकांकडे गेले. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे तिने जाहीर केले.

हे आकडे वाचून एकदम मूठ आवळू नये. कंपनीच्या उत्पन्नातला निम्म्याहून अधिक हिस्सा वेतनावरच जातो. शिवाय तिचे सत्तर टक्क्यांहून अधिक समभाग टाटा सन्सकडे आहेत आणि टाटा सन्सचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा धर्मादाय न्यासांकडे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये अशाच एका न्यासाच्या पैशातून उभे राहिले, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांनी त्याच्या पायऱ्या चढल्या आहेत. भागधारकाला मिळालेला रुपया कोणाच्या तरी ऐषारामात जिरतो असे सरसकट म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो, या वाटणीचा क्रम कोठे आणि कोणाच्या संमतीने ठरतो, हा.

आणि इथे समभागांची पुनर्खरेदी नीट समजून घ्यायला हवी. भागाकाराच्या भाषेत सांगायचे तर समभाग हा अंश आणि कंपनीचे एकूण समभाग हा छेद. शंभर समभागांच्या कंपनीत एक समभाग असेल तर वाटा शंभरात एक. कंपनीने कर्मचाऱ्यांना दहा नवे समभाग दिले की छेद एकशे दहा होतो आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. कंपनीने बाजारातून दहा समभाग विकत घेऊन रद्द केले की छेद पुन्हा शंभर. पण तिजोरीतली रोकड तेवढी कमी झालेली असते. अमेरिकेतल्या बड्या तंत्रज्ञान कंपन्यांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. मेटा कंपनीचा २०२३ मधला समभागरूपी वेतनाचा खर्च सुमारे १४ अब्ज डॉलर होता आणि त्याच वर्षी तिने सुमारे २० अब्ज डॉलरचे समभाग परत घेतले. म्हणजे पुनर्खरेदीच्या रकमेतला मोठा भाग छेद होता तिथेच राखण्यात गेला. हे वेतन फुकट नसते, तो खर्चच आहे, असे वॉरन बफे १९९० च्या दशकात भागधारकांना परोपरीने सांगत होते. अमेरिकेच्या हिशेबनियमांनी ते सक्तीने मान्य केले ते २००५-०६ च्या सुमारास. टीसीएसमध्ये कर्मचाऱ्यांना समभागच नसल्याने छेद फक्त घटत गेला. २०१८ च्या बक्षीस समभागांनंतर तो सुमारे ३८३ कोटी होता. त्यानंतरच्या चार पुनर्खरेदींनी तो ३६२ कोटींच्या आसपास आणला. उरलेल्या प्रत्येक समभागाचा वाटा तेवढा जाड झाला. एकीकडे छेद फुगतो म्हणून भागधारक कुरकुरतो आणि दुसरीकडे तो आक्रसतो तेव्हा कर्मचारी त्या हिशेबात कोठेच नसतो.

आता आमच्या विद्यार्थिनीविषयी. ती एकेकाळी आमच्या वाङ्मय मंडळाची चिटणीस होती, पदवी माहिती तंत्रज्ञानाची. अंधेरीतल्या एका लहान, बाजारात न उतरलेल्या कंपनीत ती तीन वर्षे होती. पगारवाढीऐवजी ईसॉप घ्या, असे तिथे दुसऱ्या वर्षी सांगण्यात आले आणि तिने ते घेतले. आता तिला दुसरीकडे चांगल्या पगाराची नोकरी मिळत होती. वडील निवृत्तीला आलेले, बोरिवलीच्या घराचे कर्ज तिच्या नावावर. ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, सर, हे इंग्रजी मला कळतं. याचा अर्थ कळत नाहीये."

आम्ही तो कागद धडा वाचावा तसा वाचला. त्यातला पहिला अवघड शब्द होता 'व्हेस्ट'. ठरलेली मुदत भरली की ऑप्शन व्हेस्ट होतात, म्हणजे हक्क पक्का होतो. शब्दाच्या मुळाशी वस्त्र परिधान करवणे हा लॅटिन अर्थ आहे; आपले 'वस्त्र' आणि तो लॅटिन शब्द एकाच धातूचे वंशज. छत्रपती पेशवेपदाची वस्त्रे देत, तोच हा प्रकार, असे सांगताच ती हसली. "म्हणजे मला वस्त्रं मिळाली, सर. पण गादी?" तिच्या प्रश्नातच पुढचे सारे होते. नोकरी सोडल्यापासून नव्वद दिवसांत ठरलेली किंमत भरून समभाग घ्यायचे, नाहीतर हक्क संपला. घेतले तर त्या दिवशीची ठरवलेली किंमत आणि तिने भरलेली किंमत यांतला फरक पगार समजून त्यावर प्राप्तिकर. २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर लांबणीवर टाकण्याची जी सवलत दिली ती ठरावीक पात्र नवउद्योगांपुरती. तिची कंपनी त्यात बसत नव्हती. आणि समभाग हाती आले तरी ते विकायचे कोणाला? बाजार नव्हताच.

आम्ही कागद दोनदा चाळला तो दुसऱ्याच एका आकड्यासाठी. तिला किती ऑप्शन मिळाले ते लिहिले होते. कंपनीचे एकूण समभाग किती, ते कोठेही नव्हते. अंश दिला होता, छेद नव्हता. तिने कार्यालयात विचारले, तेव्हा ती माहिती सर्वांना देत नाही असे उत्तर मिळाले. तिने एक रात्र विचार केला आणि नवी नोकरी घेतली. नव्वद दिवस सरले, तिचा हक्क विरून गेला. "दोन वर्षांची पगारवाढ गेली, एवढंच," असे ती नंतर फोनवर म्हणाली. त्या 'एवढंच'मध्ये कर्जाचे किती हप्ते होते, हे आम्ही विचारले नाही.

या जागी बलुतेदार पणजोबा आणि बोनसवाले आजोबा यांची आठवण येते, ती स्मरणरंजन म्हणून नव्हे. पणजोबांना रास दिसत होती, पण गाव सोडण्याची सोय नव्हती. आजोबांना गिरणी बदलता येत होती आणि त्यांच्या वतीने संघटना ताळेबंद मागत होती. नात्याने त्यांची पणती शोभेल अशा या मुलीला आजोबांपेक्षा कितीतरी अधिक स्वातंत्र्य आहे, पगारही आहे. त्या पगारामुळेच ती बोनस कायद्याच्या मर्यादेबाहेर जाते. तिला दिलेला वाटा मात्र अशा भागाकारातला आहे, ज्याचा छेद तिला सांगितला जात नाही आणि तो वाढवण्या-घटवण्यात तिचे मत घेतले जात नाही. श्रमाच्या नात्याने मागायचे ते आता मालकीच्या नात्याने मागावे लागते, आणि त्या नात्यात ती सर्वांत धाकट्या ओळीत उभी आहे.

हे सारे आम्ही तटस्थपणे लिहीत आहोत असे मात्र नाही. आम्ही दोघेही १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलो. त्या तारखेनंतरच्यांना महाराष्ट्रात जुने निवृत्तिवेतन नाही. आमच्या पगारातून कापलेली रक्कम राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाते आणि तिचा काही भाग समभागांत गुंतवला जातो. बड्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या अशा निधींच्या नेहमीच्या निवडी. म्हणजे एखादी कंपनी लाभांश वाढवते किंवा समभाग परत घेते, तेव्हा त्यातला एखादा कण आमच्या म्हातारपणाच्या पेंढीत पडत असणार. आणि ज्यांच्या पगारवाढीतून तो कण येत असेल, ती मुले आम्हीच शिकवलेली असू शकतात. भागधारक विरुद्ध कर्मचारी हा वाद वर्तमानपत्रात दोन तटांसारखा दिसतो. आमच्या घरात तो एकाच जेवणाच्या टेबलावर बसतो.

म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. भागधारकाने परतावा घेऊ नये असे आम्ही म्हणू शकत नाही. तो आम्हालाही हवा आहे. परंतु १९५० मध्ये गिरण्यांच्या वादात जसा क्रम लिहून काढला गेला, तसा या कंपन्यांनी आपल्या अहवालात एका पानावर लिहावा: यंत्रे आणि संशोधन यांसाठी किती, भांडवलाला वाजवी म्हणून किती, आणि त्यानंतर जे उरले त्यात काम करणाऱ्यांना काम करणारे म्हणून किती. ज्यांना समभाग दिले जातात त्यांच्या पत्रावर अंशाबरोबर छेदही छापावा. पुनर्खरेदीचा ठराव भागधारकांच्या मताला जातो. तो कर्मचाऱ्यांपुढेही कारणांसह ठेवला जावा. यातली कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. गिरणी कामगारांच्या संघटनांनी याहून अवघड गोष्टी न्यायालयात मिळवल्या होत्या.

आमच्या विद्यार्थिनीची नवी कंपनीही आता ईसॉप देऊ करते आहे. या खेपेस तिने सही करण्याआधी एक ओळीचे पत्र लिहून एकूण समभागांची संख्या मागितली आहे. त्याचा मसुदा तिने आम्हाला दाखवला. आम्ही त्यातला एक स्वल्पविराम तेवढा काढला. उत्तर यायचे आहे.